व्हॅटिकनच्या देखाव्यात अंतराळवीर कुठून आला? इटलीतल्या कास्तेल्ली गावच्या मातीकामाची गोष्ट

डिसेंबर २०२०. कोरोनामुळं निम्मं जग घरात बसलेलं. अशा वेळी व्हॅटिकनमधून आलेल्या एका फोटोनं सोशल मीडियाला चांगलंच काम दिलं.

दरवर्षी नाताळात व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात येशूजन्माचा मोठा देखावा मांडतात. गोठा, बाळ येशू, मेरी, जोसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले राजे, अशी ठरलेली मंडळी त्यात असतात. त्या वर्षीच्या देखाव्यात मात्र माणसाहून मोठे, नळकांड्यांसारखे गोल मातीचे पुतळे उभे होते. त्यातला एक चक्क अंतराळवीर होता, डोक्यावर हेल्मेट घातलेला. दुसरा एक शिरस्त्राण घातलेला पुतळा बघून अनेकांना 'स्टार वॉर्स' आठवलं. लोकांनी यथेच्छ टिंगल केली, काही श्रद्धाळू चिडले आणि बातमी जगभर गेली.

हे पुतळे कुणी, कुठं आणि कधी केले, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला. ते त्या वर्षी केलेले नव्हतेच. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत एका डोंगराळ गावातल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ते घडवले होते. एकूण ५४ पुतळे. काम सुरू असतानाच, १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला आणि मुलांनी अंतराळवीराला देखाव्यात जागा दिली. शिरस्त्राणवाला पुतळा आहे जल्लादाचा. फाशीच्या शिक्षेवर तेव्हा जो वाद चालू होता, तो त्यातून आला.

आपल्याकडं गणपतीपुढच्या देखाव्यात चांद्रयान येतं, वर्ल्डकप येतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. इटलीतही तीच रीत आहे. नेपल्समध्ये नाताळच्या देखाव्यासाठी फुटबॉलपटूंच्या आणि पुढाऱ्यांच्या छोट्या मूर्ती दरवर्षी विकायला येतात. त्यामुळं अंतराळवीर हा परंपरेत घुसलेला परका पाहुणा नव्हता. परंपरा जशी चालते, तशी ती चालली होती, इतकंच.

त्या गावाचं नाव कास्तेल्ली. मातीची भांडी हीच त्याची साडेचार-पाचशे वर्षांची ओळख.

डोंगराच्या कुशीत, मातीच्या कड्यावर

रोमच्या ईशान्येला आब्रुत्सो नावाचा प्रांत आहे. त्यातल्या तेरामो जिल्ह्यात ग्रान सास्सो ही अॅपेनाइन पर्वतरांगेतली सर्वांत उंच शिखरांची रांग येते. तिथल्या मोंते कामीचा या अडीच हजार मीटरहून उंच डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ५०० मीटर उंचीवर कास्तेल्ली वसलंय. गावात आज जेमतेम हजारेक माणसं राहतात. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीला आपण वाडी म्हणू.

शेतीसाठी ही जागा काही फार चांगली नाही. उतार तीव्र, हिवाळा कडक, आणि गावाभोवती पावसानं कापत नेलेल्या चिकणमातीच्या घळी. पण कुंभाराच्या नजरेनं पाहिलं तर हीच जागा सोन्याची. माती दारातच. डोंगरावर बीच वृक्षांचं जंगल, म्हणजे भट्टीला सरपण. ओढ्यांना पाणी. जवळच्या मठातल्या बेनेडिक्टाइन साधूंनी गावकऱ्यांना ही कला शिकवली असं परंपरेनं मानलं जातं. ते खरं असो वा नसो, शेतीनं पोट भरत नाही आणि माती मात्र मुबलक, अशा ठिकाणी लोक काय करणार हे उघड आहे.

तयार माल खेचरांच्या पाठीवर लादून खाली जायचा. नेपल्स ही मोठी बाजारपेठ. कास्तेल्ली तेव्हा नेपल्सच्या राज्यात होतं.

मायोलिका म्हणजे नक्की काय?

कास्तेल्लीच्या भांड्यांना 'मायोलिका' म्हणतात. आपल्याकडं चकचकीत पांढरी बरणी दिसली की आपण 'चिनीमातीची' म्हणून मोकळे होतो. मायोलिका मात्र चिनीमाती नाही, आणि तिचा सगळा इतिहास या फरकात दडलाय.

चिनीमातीची, म्हणजे पोर्सेलिनची माती मुळातच पांढरी असते. खूप जास्त तापमानाला भाजली की ती काचेसारखी घट्ट होते. चीनमधून पश्चिमेकडं अशी भांडी जायला लागली तेव्हा लोक वेडे झाले. पण ती माती त्यांच्याकडं नव्हती आणि तेवढी तापणारी भट्टीही नव्हती. मग नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी एक युक्ती काढली. साध्या मातीचं भांडं करायचं आणि त्यावर कथील मिसळलेल्या झिलईचा थर द्यायचा. कथिलामुळं ती झिलई अपारदर्शक आणि दुधासारखी पांढरी होते. आत पिवळट-तांबूस माती, वर पांढरंशुभ्र. म्हणजे चिनीमातीचं सोंगच, पण असं की पुढं ती स्वतंत्र कला झाली.

ही युक्ती अरबांबरोबर स्पेनमध्ये गेली आणि तिथून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इटलीत. वाटेत मायोर्का बेट लागायचं, म्हणून इटलीतले लोक त्या मालाला 'मायोलिका' म्हणू लागले अशी नावाची व्युत्पत्ती सहसा सांगितली जाते. जातिवंत इटालियन मानल्या जाणाऱ्या या कलेचं मूळ इराकमध्ये आणि तिची प्रेरणा चीनमध्ये, हे विसरू नये.

हीच वाट एका फाट्यानं गोव्यापर्यंतही आली आहे. १५०० च्या सुमारास निकुलोसो नावाचा इटालियन कारागीर स्पेनमधल्या सेव्हिल शहरात गेला. फरशीवर थेट कुंचल्यानं चित्र रंगवायची इटालियन पद्धत त्यानं तिथं रुजवली. शेजारच्या पोर्तुगालमध्ये तिला बहर आला, आणि त्या चित्रफरशांना 'आझुलेजो' म्हणतात. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठी चित्रं तुम्ही पाहिली असतील. ती त्याच आझुलेजो परंपरेतली, म्हणजे नात्यानं कास्तेल्लीची दूरची भावंडंच.

चूक पुसता येत नाही

आता काम कसं चालतं ते पाहू. इथं थोडं थांबायला हवं, कारण 'हस्तकला' हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यात हात नेमका कुठं लागतो ते कळेनासं होतं.

चाकावर थाळी किंवा बरणी घडवायची, ती थोडी सुकली की तळ तासून नीट करायचा आणि मग सावलीत हळूहळू वाळवायची. घाई केली की तडा जातो. पूर्ण वाळली की पहिली भाजणी, साधारण ९५० ते १,००० अंश सेल्सिअसला. इटालियन कुंभार या अवस्थेतल्या भांड्याला 'बिस्कोत्तो' म्हणतात. बिस्किटाचं नाव याच शब्दाच्या घराण्यातलं. आपल्या पणतीसारखं हे भांडं सच्छिद्र असतं आणि पाणी चटकन पितं.

त्यानंतर झिलई. वाळू, शिसं आणि कथील यांच्यापासून केलेली पूड पाण्यात कालवतात आणि भांडं त्यात बुडवून काढतात. भांडं पाणी शोषून घेतं आणि वर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर राहतो. बोट लागलं तरी तो निघेल इतका नाजूक.

आणि याच भुकटीवर चित्र काढायचं असतं! पिठानं माखलेल्या पोळपाटावर ओल्या कुंचल्यानं रेघ ओढून बघा, म्हणजे कल्पना येईल. कुंचल्यातलं पाणी क्षणात शोषलं जातं. रेघ जिथं टेकली तिथंच बसली. खोडायची सोय नाही, मागं यायची सोय नाही, आणि कुंचला जास्त दाबला तर खालची झिलईच उखडते. त्यात रंगही फसवे. कोबाल्टचा निळा भाजण्याआधी मळकट काळसर दिसतो. चित्रकार मनातल्या मनात रंग बघत काम करतो, खरे रंग त्याला भट्टी उघडल्यावरच दिसतात.

म्हणून आधार म्हणून एक जुनी पद्धत वापरतात. कागदावर चित्र काढून त्याच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद भांड्यावर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटायची. खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. साडीवर भरतकामासाठी नक्षी छापून देणारे लोक टोचलेल्या ट्रेसिंग पेपरवरून रंग फिरवतात, तीच ही युक्ती. कोळसा नंतर भट्टीत जळून जातो. पण ठिपक्यांमधून जिवंत रेघ काढायची ती हातानंच.

दुसरी भाजणी थोड्या कमी तापमानाला होते. तीत झिलई वितळून काच होते आणि रंग तिच्यात कायमचे विरघळून बसतात. म्हणूनच संग्रहालयातली चारशे वर्षांपूर्वीची थाळी काल केल्यासारखी ताजी दिसते. तैलचित्राचे रंग काळवंडतात, हे काळवंडत नाहीत.

रंग मोजकेच. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, अँटिमनीपासून पिवळा, लोखंडामुळं नारिंगी आणि मँगनीजचा जांभळट तपकिरी. कास्तेल्लीची जुनी चित्रं या पाच रंगांत फिरतात. लाल नाही. भट्टीच्या त्या उष्णतेत टिकणारा चांगला लाल रंग मिळवणं फार अवघड होतं, त्यामुळं संध्याकाळचं आभाळ असो की सैनिकाचा अंगरखा, नारिंगीवर भागवावं लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या जेझुआल्दो फुइनानं कमी आचेची तिसरी भाजणी वापरून गुलाबी-लाल छटा आणल्या. तोवर पोर्सेलिनवर लाल फुलं बघून गिऱ्हाइकांची नजर बदलली होती.

लाकडाच्या भट्टीच्या काळात दोन-तीन महिन्यांचं काम एका रात्रीत बिघडू शकायचं. आच कमी-जास्त झाली, भांडी एकमेकांना चिकटली, धूर आत शिरला, की माल वाया. वाया गेलेला माल दरीत फेकायचा. गावात ऑगस्टच्या मध्यावर जत्रेच्या दिवसांत सदोष थाळ्या कड्यावरून दरीत भिरकावण्याची स्पर्धा अजूनही होते. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण कधीकाळी ही कुंभाराची नुकसानी होती.

दरीतल्या या कचऱ्यानं पुढं गावावर मोठे उपकार केले.

उकिरड्यानं मिळवून दिलेलं नाव

जगातल्या मोठ्या संग्रहालयांत सोळाव्या शतकातल्या औषधी बरण्यांचा एक प्रसिद्ध संच विखुरलेला आहे. त्याला 'ओर्सिनी-कोलोन्ना' संच म्हणतात. नाव पडलं ते एका बाटलीवरून. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर एक अस्वल खांबाला मिठी मारताना दाखवलंय. अस्वल हे रोममधल्या ओर्सिनी घराण्याचं चिन्ह आणि खांब कोलोन्ना घराण्याचं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन घराण्यांच्या समेटाची ती आठवण. बरण्यांवर ठसठशीत चेहरे, भडक पिवळे-निळे रंग, आणि खाली पट्टीवर औषधाचं नाव.

इतकं सुंदर काम एखाद्या नामांकित शहरातच झालं असणार, असं अभ्यासकांनी दीर्घकाळ धरून ठेवलं होतं. फाएन्झासारख्या शहरांची नावं पुढं केली जात. इतकी नामांकित, की फ्रेंचमध्ये या प्रकारच्या भांड्यांना 'फायान्स' हा शब्द त्या शहरावरूनच आला. डोंगरातल्या कास्तेल्लीचं नाव मानायला अनेक जण तयार नव्हते.

निकाल लागला १९८० च्या दशकात. कास्तेल्लीत पोम्पेई नावाच्या कुंभार घराण्याच्या जुन्या कारखान्याच्या परिसरात उत्खनन झालं तेव्हा टाकाऊ मालाचे ढीग सापडले. त्यांत ओर्सिनी-कोलोन्ना शैलीची भांडी होती, अर्धवट भाजलेली, बिघडलेली, फुटलेली. चांगला माल बाजारातून कुठंही जातो, पण बिघडलेला माल कुणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेत नाही. तो जिथं बिघडतो तिथंच पडतो. त्या खापऱ्यांमुळं संचाचं माहेर ठरलं.

असंच काहीसं नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयातल्या गडद निळ्या भांड्यांचं. कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझेसाठी केलेला हा जेवणाचा संच. रात्रीच्या आकाशासारखी निळी झिलई आणि तिच्यावर सोनेरी नक्षी. तोही आता कास्तेल्लीच्या खात्यावर जमा आहे.

एका गावाला स्वतःच्या मालावरचं नाव परत मिळायला चारशे वर्षं लागली. आज हे गाव आपल्या नावाबद्दल हळवं का आहे, ते यावरून समजावं.

छतावरचं गाव

कास्तेल्लीला गेलात तर गावाबाहेरचं सान दोनातो चर्च चुकवू नका. बाहेरून अगदी साधं. आत गेल्यावर मान वर केली की उतरत्या छपराच्या तुळयांमध्ये बसवलेल्या सुमारे ८०० रंगीत मायोलिका फरशा दिसतात. १६१५ ते १६१७ या काळात गावातल्या कुंभारांनी मिळून त्या केल्या. त्याआधी इथं असलेल्या छोट्या प्रार्थनास्थळालाही असंच छत होतं. त्या सोळाव्या शतकातल्या फरशांपैकी बऱ्याच गावच्या संग्रहालयात जपल्या गेल्या.

चित्रकार आणि लेखक कार्लो लेवी यांनी या छताला मायोलिकाचं सिस्टीन चॅपेल म्हटलं होतं. पर्यटन पत्रकांत हे विशेषण हमखास असतं. मला विचाराल तर ही तुलना थोडी फसवी आहे. सिस्टीन चॅपेलमध्ये एका माणसाची प्रतिभा आहे आणि पोपचा पैसा आहे. इथं धर्मकथाही फारशा नाहीत. ससा आहे, पक्षी आहेत, फुलं आहेत, बायकांचे चेहरे आहेत, घराण्यांची चिन्हं आहेत, नावं आणि आद्याक्षरं आहेत. एक फरशी दुसरीशी जुळत नाही. कुणाचा हात सराईत आहे, कुणाचा शिकाऊ. संध्याकाळी सगळ्या गावानं एकत्र बसावं तसं ते छत वाटतं.

तंत्राच्या दृष्टीनंही ते एका मोठ्या बदलाची साक्ष आहे. त्याच्या आधीच्या पोम्पेईंच्या बरण्या भांडंभर रंगांनी भरलेल्या असत. छतावर मात्र पांढरा रंग मोकळा सोडलेला आणि चित्र दोन-तीन रंगांच्या झपाट्याच्या रेघांत उरकलेलं. ही पद्धत फाएन्झामध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यावर फॅशनमध्ये आली होती. कास्तेल्लीनं ती उचलली आणि आपलीशी केली.

पुढच्याच पिढीत वारं पुन्हा फिरलं. फ्रांचेस्को ग्रुए (१६१८–१६७३) आणि त्याचा मुलगा कार्लो अँतोनिओ ग्रुए (१६५५–१७२३) यांनी भांड्यावर पुन्हा भरगच्च चित्रं आणली. शिकारीची दृश्यं, पुराणकथा, बायबलमधले प्रसंग, आणि दूरवर धूसर डोंगर असलेले निसर्गदेखावे. प्रसंग बहुतेकदा छापील चित्रांवरून घेतलेले असत. त्या काळी रोम-फ्लॉरेन्समधल्या चित्रकारांच्या कामाचे छाप स्वस्तात मिळायचे आणि कुंभारांकडं त्यांचा साठा असे. म्हणजे थाळीवरचं चित्र 'मूळ' नसे. पण काळ्या-पांढऱ्या छापाला पाच रंगांत, गोल थाळीत, न पुसता येणाऱ्या रेषेत उतरवणं हे कॉपी करणं नक्कीच नव्हे.

या घराण्यातला सर्वांत वादळी माणूस म्हणजे फ्रांचेस्को अँतोनिओ साव्हेरिओ ग्रुए (१६८६–१७४६). तो उच्चशिक्षित होता आणि भांड्यांवर स्वतःची सही ठळकपणे करायचा. १७१६ मध्ये गावानं जहागीरदाराविरुद्ध बंड केलं, त्यात तो पुढं होता. त्यापायी त्याला नेपल्समध्ये तुरुंगवास झाला. सुटल्यावर तिथंच राहून त्यानं काम चालू ठेवलं आणि आयुष्याच्या शेवटी गावी परतला. गावातल्या कलाशाळेला याच बंडखोराचं नाव आहे.

मग उतरण का लागली?

कारण एका वाक्यात सांगायचं तर, ज्याचं सोंग घेतलं होतं तो खरा गडी मैदानात उतरला. १७१० मध्ये जर्मनीत माइसेनला युरोपातला पहिला पोर्सेलिन कारखाना सुरू झाला. १७४३ मध्ये नेपल्सच्या राजानं स्वतःच्या राजधानीत, कापोदिमोंतेला, पोर्सेलिनचा कारखाना काढला. कास्तेल्लीचं श्रीमंत गिऱ्हाईक तिकडं वळलं. खालच्या बाजूनं इंग्लंडमधली स्वस्त, टिकाऊ, साच्यातली भांडी बाजारात घुसली. मधल्या मध्ये हाताचं काम चेपलं गेलं. एकोणिसाव्या शतकात गावातले कारखाने एकेक करून रोडावले.

१९०६ मध्ये गावात मातीकामाची कलाशाळा निघाली. घराणी संपत आली तेव्हा त्यांचं काम शाळेनं उचललं. बापाकडून मुलाला मिळणारी गोष्ट आता वर्गात शिकवली जाऊ लागली. त्याचा एक परिणाम असा झाला की मुलांनी जुन्या नक्षीच्या बाहेर बघायला सुरुवात केली. सुरुवातीला सांगितलेले पुतळे त्यातूनच आले. मातीची गोल कडी एकावर एक रचून ते उभे केलेत, म्हणून ते नळकांड्यांसारखे दिसतात. एवढी मोठी आकृती भट्टीत बसवायची तर ती तुकड्यांतच करायला हवी. ज्या आकाराची टिंगल झाली, तो भट्टीच्या गरजेतून आलेला होता.

आज काय चाललंय?

खरी अडचण आता डिझाइनची नाही, माणसांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आब्रुत्सोच्या डोंगराळ भागातून लोक कामासाठी शहरांत आणि परदेशांत गेले. त्यावर भूकंप. ६ एप्रिल २००९ ला शेजारच्या लाक्विला शहरात झालेल्या भूकंपात ३०० हून अधिक माणसं गेली. २०१६ मध्ये मध्य इटलीला पुन्हा हादरे बसत राहिले, आणि जानेवारी २०१७ मध्ये तर मोठ्या बर्फवृष्टीतच भूकंप झाला. ग्रान सास्सोच्या याच बाजूला रिगोपियानो इथलं हॉटेल हिमकड्याखाली गाडलं गेलं आणि २९ जणांचा बळी गेला, ते त्याच दिवशी. अशा प्रत्येक आपत्तीनंतर डोंगरातल्या गावांतली काही कुटुंबं तात्पुरती म्हणून खाली राहायला जातात आणि मुलांच्या शाळा तिकडं सुरू झाल्या की परत येत नाहीत. मातीकामाला हे फार बाधतं. झिलईवर रेघ मारणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ते शिकायला शेजारी कुणीतरी ते करत असावं लागतं.

सरकारी पातळीवर संरक्षण आहे. इटलीनं १९९० मध्ये कायदा क्रमांक १८८ करून पारंपरिक आणि कलात्मक मातीकामाची गावं अधिकृतपणे ओळखायची सोय केली. कास्तेल्ली त्यांतलं एक. तिथले कारागीर ठरलेल्या नियमांनी काम करत असतील तर त्यांना मालावर खास चिन्ह लावता येतं. शिवाय अन्नाच्या भांड्यांतून शिसं आणि कॅडमियम किती पाझरलेलं चालेल याची मर्यादा युरोपात १९८४ पासून ठरलेली आहे. त्यामुळं जुनी शिशाची झिलई मागं पडली आणि कारागिरांना नव्या मिश्रणांवर जुने रंग पुन्हा जुळवावे लागले.

मोठा बदल १ डिसेंबर २०२५ पासूनचा. तोवर युरोपीय संघात पातळीवरचं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, चीज, वाइन अशा खाण्यापिण्याच्या वस्तूंना मिळायचं. हस्तकलेला नाही. २०२३ च्या नव्या नियमानं ते दार हस्तकला आणि कारखानी वस्तूंना उघडलं आणि त्या तारखेपासून तो लागू झाला. भारत याबाबतीत पुढं होता. आपला जीआय कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि पैठणीपासून कोल्हापुरी चपलेपर्यंत अनेक हस्तकला त्याखाली आल्या.

पण कायदा किती पुरतो याचा अनुभवही आपल्याला आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला नाव न घेता मंचावर आणल्या आणि ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. जीआय नावाचं रक्षण करतं. 'कास्तेल्ली' असं लिहून कुणी दुसरीकडचा माल विकू लागला तर त्याला अडवता येईल. नाव न लिहिता नक्षी उचलली तर अवघड. आणि गावात चाकावर बसायला कुणी उरलंच नाही, तर त्यावर या कायद्यात कलम नाही.

खरी हाताची थाळी ओळखायची कशी?

इटलीत फिरायला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या वाढतेय, म्हणून हे शेवटी. रोम-फ्लॉरेन्सच्या स्मरणवस्तूंच्या दुकानांत 'हातानं रंगवलेली' म्हणून मिळणाऱ्या थाळ्यांत बराच माल छापील चिकटचित्रांचा असतो.

थाळी तिरकी धरून उजेडात बघा. हाताच्या कामात रेघेची जाडी बदलते. कुंचला टेकला तिथं रंग गडद, सुटला तिथं फिका. छापील चित्रात रंग सगळीकडं सारखा, आणि जवळून बघितलं तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. एकाच नक्षीच्या दोन थाळ्या शेजारी ठेवा. पानाचं टोक दोन्हींत तंतोतंत एकाच जागी असेल तर हात लागलेला नाही. मग थाळी उलटी करा. तळाशी जिथं झिलई नाही तिथं मातीचा पिवळट किंवा तांबूस रंग दिसायला हवा. तो पांढराशुभ्र असेल तर ती मायोलिका नाही. मागं गावाचं नाव आणि कारखान्याची किंवा कारागिराची खूण कुंचल्यानं लिहिलेली असते. ती नसेल तर दुकानदाराला विचारा.

किंमत ऐकून दचकायला होईल. घासाघीस करण्याआधी दोन भाजण्या, एक न पुसता येणारं चित्र आणि दरीत गेलेल्या थाळ्या हिशेबात धरा. मायक्रोवेव्हमध्ये ती घालू नका, आणि खोबणीत सोनेरी रंग असेल तर मुळीच नाही. झिलईला टवका गेला असेल तर तीत लोणचं, चिंच असं आंबट ठेवू नका. भिंतीवर लावा, किंवा सणाला फळं ठेवायला काढा. तिथं लोक जेवायलाही घेतात.